सर्व्हरची राखण : एक रोजची तालीम

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक प्रश्न निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणकाची आवड आहे, तर तिला पुढे काय शिकवावे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एकाच शब्दात देतात : प्रोग्रॅमिंग. उत्तर चूक नाही. पण ते अपुरे आहे. घर बांधणारा गवंडी लागतो, तसा बांधलेले घर रोज झाडणारा, गळती पाहणारा, कड्या-कुलपे तपासणारा माणूसही लागतो. संगणकाच्या जगात हे दुसरे काम करणाऱ्याला सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपण त्याला सर्व्हरचा राखणदार म्हणू. हे काम फारसे कोणी मुलांना सांगत नाही, म्हणून आज त्याच्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात असे मनात आहे.

सर्व्हर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. आपल्या घरचा संगणक आपल्यासाठी चालतो. सर्व्हर दुसऱ्यांसाठी चालतो. विद्यापीठाचा निकाल आपण मोबाईलवर पाहतो तेव्हा तो निकाल कुठल्या तरी सर्व्हरवरून येतो. बँकेतून पैसे पाठवणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला मालाचा हिशेब ठेवणे, या प्रत्येकामागे असे एखादे यंत्र रात्रंदिवस चालू असते. त्याला बहुधा पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. राखणदार दूरवरून, काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून त्याच्याशी बोलतो.

यांतील फार मोठ्या संख्येने सर्व्हर युनिक्स घराण्याच्या प्रणालीवर चालतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचे बीज टाकले आणि ते सर्वांना मोफत खुले केले. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांपैकी ५०० च्या ५०० लिनक्सवर चालत होते. जे यंत्र वैज्ञानिकांना चालते तेच सामान्य विद्यार्थ्याला पैसा न मोजता घरी मिळते, ही गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी.

आपल्या देशालाही हे घराणे नवे नाही. बँकांच्या संगणकीकरणासाठी रंगराजन समितीने १९८४ साली अहवाल दिला, १९८९ साली दुसरा दिला, आणि त्यानंतरच्या काळात अनेक बँकांच्या शाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रे आली. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर एखादा कर्मचारी मागे थांबायचा, दिवसअखेरचे काम चालवायचा, टेपवर नक्कल घ्यायचा, टेपवर तारीख लिहायचा आणि कपाटात ठेवायचा. आज येथे बसलेल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांपैकी काहींनी हे काम केलेही असेल. त्यांना कोणी सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर म्हटले नाही, पण काम तेच होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा स्वस्तातले खाते ‘शेल अकाउंट’ नावाचे होते. त्यात चित्रे दिसत नसत. टेलिफोनवरून निगमच्या युनिक्स यंत्रात शिरायचे, कमांड टंकायची आणि पत्र वाचायचे. त्या पिढीतील कित्येकांची युनिक्सशी ओळख अशीच झाली. आणि आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था उभी राहिली, तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. आज तीच संस्था सर्व्हर आणि सुरक्षा या विषयांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालवते.

आता मुख्य विषयाकडे वळू. हे काम रोज करायचे म्हणजे नेमके काय करायचे? मुलांनो, खाली ज्या कमांड सांगतो त्या प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत लिहावयाच्या असतात. येथे फक्त त्यांचा उच्चार दिला आहे.

पहिले काम हजेरीचे. सकाळी सर्व्हरमध्ये शिरायचे ते स्वतःच्या नावाने. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो, त्याला कोणी अडवत नाही. म्हणूनच रोजच्या कामासाठी त्याच्या नावाने शिरू नये. गरज पडेल तेवढ्यापुरता ‘सुडो’ या कमांडने अधिकार घ्यावा आणि काम संपले की पुन्हा साधा माणूस व्हावे. शिरल्यावर ‘अपटाइम’ विचारावे. यंत्र किती दिवसांपासून चालू आहे ते कळते आणि शेवटी तीन आकडे येतात. गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत यंत्रावर सरासरी किती कामे चालू होती किंवा रांगेत उभी होती, ते हे आकडे सांगतात. यंत्राच्या प्रोसेसरला ४ गाभे असतील आणि आकडा ३ असेल तर काळजी नाही. आकडा २० असेल तर कुठे तरी गर्दी झाली आहे, ती ‘टॉप’ या कमांडने शोधावी. मग ‘लास्ट’ विचारून काल रात्री कोण कोण येऊन गेले ते पाहावे. ओळखीचे नाव अनोळखी वेळेला दिसले तर त्या व्यक्तीला फोन करून विचारावे.

दुसरे काम जागा मोजण्याचे. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात आपण सकाळी उठल्याबरोबर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ३९ ला पोहोचले म्हणून घर बुडत नाही, पण सामान माळ्यावर चढवायला सुरुवात करावी लागते. डिस्कचेही असेच आहे. ‘डीएफ’ ही कमांड प्रत्येक डिस्क किती टक्के भरली ते सांगते. ८० टक्के ही आपली इशारा पातळी समजावी, ९० टक्के ही धोका पातळी. डिस्क पूर्ण भरली की नवी नोंद लिहिता येत नाही, डेटाबेस थांबतो, आणि बाहेर फीची पावती मागणारा पालक खिडकीशी ताटकळत उभा राहतो. पातळी रोज वहीत लिहिणाऱ्याला असे अचानक घडत नाही. आठवड्यात दोन टक्के वाढ आहे हे त्याला दिसत असते, म्हणून संकट किती आठवड्यांवर आले आहे हे तो आधीच सांगू शकतो.

येथे दोन खाचखळगे आहेत, तेही सांगून ठेवतो. कधी कधी डिस्कवर जागा शिल्लक असते, तरी नवी फाइल तयार होत नाही. कारण प्रत्येक फाइलला एक नोंद-क्रमांक लागतो, त्याला आयनोड म्हणतात. लाखो बारीकसारीक फाइली साचल्या की आयनोड संपतात. ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून विचारले की हे कळते. दुसरे, एखादी मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही असेही घडते. ती फाइल एखादा चालू प्रोग्रॅम अजून धरून बसलेला असतो. त्याने ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. नवशिका येथे घाबरून आणखी फाइली पुसत सुटतो. शिकलेला माणूस आधी कोणी धरून ठेवली आहे ते पाहतो.

तिसरे काम लॉग वाचण्याचे. व्यापाऱ्याच्या पेढीवर जशी रोजकीर्द, तसा सर्व्हरचा लॉग. जे जे घडले ते वेळेसह त्यात लिहिलेले असते. ‘टेल’ कमांडने शेवटच्या ओळी पाहता येतात, ‘ग्रेप’ने हवा तो शब्द शोधता येतो. ज्या मुलाने कधी लॉग उघडला नाही त्याने इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर एकदा उघडून पाहावा. यंत्र जोडल्यावर थोड्याच वेळात जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून कोणी तरी ‘रूट’ या नावाने पासवर्ड लावून पाहत असल्याच्या ओळी दिसू लागतात. हे कोणी माणूस बसून करत नाही, प्रोग्रॅम करतात. पण दार खिळखिळे असेल तर ते उघडते. म्हणून दूरवरून शिरण्यासाठी पासवर्डऐवजी ‘एसएसएच’ची किल्ली वापरावी आणि रूटला बाहेरून थेट प्रवेश बंद करावा.

चौथे काम बॅकअपचे, म्हणजे नक्कल जपण्याचे. संपूर्ण राखणदारीतले हे सर्वांत मोठे काम, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो. मुलांना आवडणारा ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी पिक्सार कंपनीत त्याचे काम चालू असताना कोणी तरी फाइली पुसणारी ‘आरएम’ ही कमांड चुकीच्या जागी चालवली. बघता बघता चित्रपटाचा बहुतेक भाग डिस्कवरून नाहीसा झाला. बॅकअप आहे म्हणून धीर होता, पण तो उघडून पाहिला तर बॅकअपच नीट होत नव्हता असे निघाले. त्यांच्या तंत्र-दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांना नुकतेच बाळ झाले होते, म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या यंत्रावर चित्रपटाची एक नक्कल ठेवत. ती नक्कल होती म्हणून चित्रपट वाचला.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसण्याऐवजी मुख्य सर्व्हरवरचा पुसला. चूक दोन-एक सेकंदांत लक्षात आली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. रोजचा बॅकअप कित्येक दिवस निष्फळ होत होता आणि तो निष्फळ झाल्याची सूचना देणारी पत्रेही पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक नक्कल हाती होती, तिच्यावर निभावले. मधल्या सहा तासांतले काम गेले. कंपनीने हे सर्व लपवले नाही, जगासमोर मांडले, त्यामुळे आपल्याला त्यातून शिकता येते.

या दोन्ही ठिकाणी हुशार माणसे होती, पैसा होता, यंत्रे होती. उणीव एकच होती. बॅकअप परत उघडून कोणी पाहत नव्हते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल, आणि वर्षातून दोनदा सगळा डेटाबेस, दुसऱ्या यंत्रावर परत उभा करून पाहावा. त्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. परत उभा राहिला तरच तो बॅकअप म्हणायचा.

नक्कल ठेवायची कोठे, हाही प्रश्न आहे. जाणकारांचा ठोकताळा असा की एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक गावाबाहेर असावी. गावाबाहेर कशासाठी, हे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना विचारायला नको. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातला बॅकअप हे दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. एक प्रत पुण्याला किंवा मुंबईला असेल तर शाळेचा दाखला, कारखान्याचा पगारपट आणि सहकारी संस्थेचे खातेपुस्तक शाबूत राहते.

पाचवे काम दुरुस्त्या लावण्याचे. प्रोग्रॅममध्ये दोष सापडतात, ते करणारे लोक दुरुस्ती काढतात, राखणदाराने ती आपल्या यंत्रावर लावायची असते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पत-माहिती ठेवणाऱ्या कंपनीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मार्च २०१७ मध्ये एका दोषाची दुरुस्ती जाहीर झाली. कंपनीच्या एका यंत्रावर ती लागली नाही. मे महिन्यात त्याच वाटेने चोर शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदतही संपलेली होती, त्यामुळे चोरी दिसली नाही. मुदत संपल्याची तारीख वहीत लिहून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मात्र दुरुस्ती लावण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, आधी चाचणीच्या यंत्रावर लावून पाहावी आणि मग गर्दी नसलेल्या वेळी मुख्य यंत्राला हात घालावा.

सहावे काम खाती आणि परवानग्या यांचे. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलभोवती तीन वर्तुळे असतात : मालक, त्याचा गट आणि बाकीचे जग. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांपैकी काय करता येईल ते ठरवलेले असते. काही अडले की सर्वांना सर्व परवानगी देऊन टाकायची, अशी एक वाईट सवय नवशिक्यांना लागते. अडचण तेव्हा सुटल्यासारखी वाटते, पण तिजोरीचे दार सताड उघडे राहिलेले असते. ज्याला जेवढे लागते तेवढेच द्यावे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे, त्याच्याविषयी मनात कितीही आदर असला तरी.

आणि येथे एक गोष्ट तंत्राच्या पलीकडची आहे. राखणदाराला सर्वांची पत्रे, पगार, गुण, आजार यांची नोंद वाचता येऊ शकते. वाचता येते म्हणून वाचायची नसते. आपल्या घरांतून ‘अमानत’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत करायची, मध्ये उघडून पाहायची नाही. सर्व्हरवरची माहिती ही लोकांची अमानत आहे. ज्या मुलाला हे कळले त्याला निम्मी राखणदारी कळली. उरलेली निम्मी पुस्तकातून येते.

सातवे काम आपोआप चालणाऱ्या कामांवर नजर ठेवण्याचे. ‘क्रॉन’ हा युनिक्समधला घड्याळजी आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशी पाच घरे भरून दिली की तो ठरल्या वेळी काम करतो. पहाटे अडीचला बॅकअप घे, असे त्याला एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. पण राधानगरी धरण आठवा. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला आले की ते आपोआप उघडतात. तरी दरवाजे किती उघडले, पाणी किती सुटले, याची नोंद माणूस घेतोच, आणि ती बातमी नदीकाठच्या गावांना पोहोचवली जाते. क्रॉनचेही तसेच. काम झाले की नाही, याची पावती रोज सकाळी पाहिली पाहिजे. नवशिक्यांना पुष्कळदा असा अनुभव येतो की हाताने चालवल्यावर नीट चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमधून चालत नाही. कारण आपण टंकतो तेव्हा कमांड कोठे शोधायची त्याची यादी यंत्रापाशी असते, क्रॉनपाशी ती फार तोकडी असते. म्हणून क्रॉनमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा.

या सातही कामांना जोडणारी आठवी वस्तू म्हणजे नोंदवही. काय बदलले, केव्हा बदलले, का बदलले आणि पूर्वीचे काय होते, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. आपण आजारी पडलो तर दुसऱ्याला ती वही वाचून काम चालवता आले पाहिजे. जो राखणदार सगळे डोक्यात ठेवतो, त्याच्या सुट्टीच्या दिवशी सर्वांचे काम अडते.

आता हे शिकायचे कसे? कोल्हापुरात तालीम म्हटले की गंगावेश आठवते, मोतीबाग आठवते. आपल्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. या विषयात दोन्ही अर्थ एकच होतात. पुस्तकात डाव वाचून कोणी पैलवान झाला नाही. रोज मातीत उतरावे लागते.

त्यासाठी नवे यंत्र नको. घरात किंवा ओळखीच्या दुकानात पडून असलेला जुना संगणक चालेल. त्यावर डेबियन किंवा उबुंटू यांपैकी एखादे लिनक्स मोफत घालता येते. मात्र आधी त्यातले घरचे फोटो आणि कागद दुसरीकडे काढून ठेवा. ज्यांच्याकडे चांगला संगणक एकच आहे त्यांनी त्याच्या आत ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र उभे करावे, म्हणजे मूळ यंत्राला धक्का लागत नाही. संगणकच नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर ‘टर्मक्स’ नावाच्या ॲपमध्ये सुरुवातीच्या कमांड गिरवता येतात.

पहिला महिना फक्त वावरण्यात घालवावा. कोठे आहोत ते ‘पीडब्ल्यूडी’ने विचारावे, काय आहे ते ‘एलएस’ने पाहावे, फाइल करावी, हलवावी, पुसावी. दुसऱ्या महिन्यात वर सांगितलेली सात कामे रोज अर्धा तास करावीत आणि वहीत लिहावीत. यंत्रावर काहीच घडत नसले तरी करावीत. कारण रोजचे साधारण चित्र डोळ्यांत बसले तरच बिघडलेले चित्र ओळखू येते. तिसऱ्या महिन्यात दोघा मित्रांनी किंवा दोघी मैत्रिणींनी मिळून एक खेळ खेळावा. एकीने यंत्रात मुद्दाम एक बिघाड करावा : डिस्क भरून ठेवावी, एखादी परवानगी काढून घ्यावी, क्रॉनची ओळ चुकवावी. दुसरीने कारण शोधावे, दुरुस्त करावे आणि कसे शोधले ते लिहावे. आठवड्याने भूमिका बदलाव्यात. अखेरीस सगळे यंत्र पुसून टाकावे आणि बॅकअपवरून परत उभे करावे. हे ज्याला जमले त्याने पाया घातला.

इंग्रजीची भीती पुष्कळांना वाटते, विशेषतः मराठी आणि उर्दू माध्यमातल्या मुलांना. युनिक्सच्या आतच ‘मॅन’ नावाचे मार्गदर्शक पुस्तक असते. त्याची इंग्रजी कोरडी असते, पण तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. रोज एक पान शब्दकोश जवळ ठेवून वाचले तर वर्षभरात त्या इंग्रजीची भीती जाते. रेड हॅट कंपनीची जी प्रसिद्ध परीक्षा आहे तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. समोर चालते यंत्र देतात आणि कामे करून दाखवायला सांगतात. घोकंपट्टी तेथे उपयोगी पडत नाही, हाताची सवय उपयोगी पडते.

काही पालक विचारतील, आता सगळे ‘क्लाउड’वर गेले, प्रश्नांची उत्तरे यंत्रच देते, मग या विद्येला भवितव्य काय? प्रश्न रास्त आहे. हे काम बदलले आहे. पूर्वी एक माणूस पाच यंत्रे पाहत असे, आज शेकडो पाहतो, आणि त्यासाठी त्याला थोडे प्रोग्रॅमिंगही शिकावे लागते. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली यंत्रेच. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशा यंत्रांचे केंद्र सुरू केले. त्या यंत्रांतही डिस्क भरते, परवानगी चुकते आणि बॅकअप कोणी उघडून पाहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले तर ती कमांड लिहून देते, पण ती कमांड कोणत्या यंत्रावर चालवायची आणि चालवावी की नाही, याची जबाबदारी चालवणाऱ्यावरच राहते. न समजलेली कमांड चालवू नये, मग ती कोणीही सांगितलेली असो.

पालकहो, आपल्याला दोन-तीन विनंत्या आहेत. या विद्येत दाखवण्यासारखे काही नसते. मुलगी महिनाभर काळ्या पडद्यासमोर बसेल आणि आपल्याला दिसेल असे काही तयार होणार नाही. ‘आज काय बनवलेस’ असे तिला विचारू नका. ‘आज काय तपासलेस’ असे विचारा आणि तिची वही पाहा. दुसरे, तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर कर्ज काढून पैसे भरू नका. आधी जुन्या यंत्रावर सहा महिने टिकते का ते पाहा, मग फीचा विचार करा. तिसरे, हे काम कधी कधी रात्री करावे लागते, ही गोष्ट खरी. पण ते पुष्कळदा घरूनही करता येते, त्यामुळे मुलींना ते दूरचे आहे असे समजू नका.

आणि संस्थेला एक सूचना. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या शहरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, कारण शिकू इच्छिणाऱ्या मुलाला आधी बसायला जागा लागते हे त्यांनी जाणले होते. आजही तेवढेच लागते. शाळेच्या एका खोलीत चार जुने संगणक, एक टेबल आणि एक जाड वही ठेवावी. नववी-दहावीच्या चार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रोज सकाळी त्यांची हजेरी घ्यावी. वर्षअखेरीस एका शनिवारी सर्वांसमक्ष एक यंत्र पुसून बॅकअपवरून उभे करून दाखवावे. बक्षीस समारंभात त्या मुलांनाही एक जागा द्यावी.

चांगल्या राखणदाराचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. निकाल वेळेवर दिसतो, पगार वेळेवर जमा होतो, पुरानंतर दाखला शाबूत मिळतो, आणि लोक आपापल्या कामाला लागतात. मुलांनो, आपल्यातल्या काहींना असे काम आवडेल याची मला खात्री आहे. आज घरी गेल्यावर एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख लिहा आणि सुरुवात करा.